हात लागला तरी निळा डाग

प्रश्न : माझं वय 63. हृदयात स्टेंट बसवल्यापासून अ‍ॅस्पिरिन चालू आहे. हल्ली मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग उठतात, कुठे आपटल्याचं आठवतही नाही. गोळी बंद करू का? माझ्या 27 वर्षांच्या मुलीलाही लहानपणापासून मांड्यांवर, पाठीवर निळे डाग येतात. पाळीत तिला फार जातं. दाढ काढली तेव्हा रात्रभर रक्त थांबलं नव्हतं. आमच्या घरात त्वचाच नाजूक आहे का?

उत्तर : ताई, गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ती आहे, आणि तो धोका या डागांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

तुमचे डाग फक्त हातांवर आहेत, ही दिलाशाची गोष्ट. वयाबरोबर त्वचा पातळ होते, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही. मग दाराची कडी लागली तरी पुरते. त्यात अ‍ॅस्पिरिनमुळे प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चटकन चिकटत नाहीत. डाग पडल्या पडल्या कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा, चोळू मात्र नका. घरात पूर्ण बाह्या घाला. दुखण्यावर आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल किंवा स्टेरॉइडचं मलम चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, त्यांनीही डाग वाढतात. शौच डांबरासारखी काळी झाली, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले किंवा डोक्याला मार लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मला खरी काळजी वाटते ती मुलीची. दाढेतून रात्रभर रक्त येण्याशी त्वचेच्या नाजूकपणाचा काही संबंध नाही. लहानपणापासूनचे डाग, पाळीतला जास्त रक्तस्राव आणि दाढेचा प्रसंग, हे तिन्ही एकत्र आले की व्हॉन विलेब्रँड आजाराची शंका घ्यावीच लागते. यात प्लेटलेटना जखमेशी चिकटवणारं प्रथिन (व्हॉन विलेब्रँड घटक) कमी पडतं किंवा नीट काम करत नाही. एरिक व्हॉन विलेब्रँड या फिनलंडच्या डॉक्टरांनी 1926 मध्ये एका कुटुंबातल्या रुग्णांवरून याचं वर्णन केलं. रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारांत हा सर्वांत जास्त आढळतो. तरी कित्येक मुलींना वर्षानुवर्षं ‘काहींना जास्त जातंच’ एवढंच ऐकवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

नेहमीच्या तपासणीत प्लेटलेट दीड ते साडेचार लाखांत, म्हणजे ठीक येतात आणि विषय तिथेच संपतो. तुम्ही तो संपू देऊ नका. रक्तविकारतज्ज्ञांकडे जा आणि व्हॉन विलेब्रँड घटकाची तपासणी करायची आहे, असं नाव घेऊन सांगा. ताणामुळे किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे हे प्रथिन तात्पुरतं वाढतं, म्हणून तपासणी पुन्हाही करावी लागू शकते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. पॅड तासा-दोन तासांत भिजतं का, गाठी पडतात का, किती दिवस जातं, हे तिने लिहून न्यावं. निदान होईपर्यंत पाळीच्या दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको.

या आजारावर उपाय आहेत. पाळीत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध देता येतं, शस्त्रक्रियेआधी किंवा बाळंतपणात तयारी ठेवता येते.

तुमच्या स्वतःच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, हेही आठवून बघा. गेलं असेल तर ते तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.