'सिनॉप्टिक' म्हणजे संक्षिप्त नव्हे

प्रश्न असा: बायबलच्या नव्या करारात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत. त्यांतल्या मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांना 'सिनॉप्टिक' म्हणतात, तर ती योहानाच्या मानाने संक्षिप्त आहेत का? आणि मराठीत त्यांना काय म्हणावे?

संक्षिप्त मुळीच नाहीत. चौघांत सर्वांत लांबलचक लूकचेच आहे. पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमुळे 'गोषवारा' हा अर्थ आपल्या डोक्यात घट्ट बसला आहे. ग्रीकमध्ये 'सिन्' म्हणजे सोबत, 'ऑप्सिस' म्हणजे पाहणे. योहान याकोब ग्रीसबाख या जर्मन अभ्यासकाने १७७०च्या दशकात या तिघांचा मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापला, आणि हे नाव रुळले. त्याआधी चारही वृत्तान्त गुंफून एकच कथा सांगण्याकडे ओढा असे. दुसऱ्या शतकात तातियान या ख्रिस्ती लेखकाने तेच केले, आणि फादर स्टीफन्सच्या १६१६च्या आपल्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'तही येशूचे चरित्र असे सलग ओव्यांतून वाहते. गुंफणीत भेद बुजतात, रकान्यांत ते उघडे पडतात.

साम्यही उघडे पडते, आणि ते थक्क करणारे आहे. पक्षाघाती माणसाची गोष्ट घ्या. "मनुष्याच्या पुत्राला पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हांला समजावे म्हणून..." इथे येशूचे वाक्य अर्धवट तुटते, निवेदक मध्ये येऊन "तो पक्षाघाती माणसाला म्हणाला" असे सांगतो, आणि मग "ऊठ" ही आज्ञा येते. हा अवघडलेला सांधा तिघांतही नेमक्या त्याच जागी आहे. तिघांनी स्वतंत्रपणे ऐकून लिहिले असते तर वाक्य एकाच ठिकाणी तुटले नसते. इथे कुणीतरी कुणाचे तरी लिखाण समोर ठेवले आहे, याविषयी मला शंका वाटत नाही. मार्कचा सुमारे ९० टक्के मजकूर मत्तयात सापडतो, म्हणून बहुतेक अभ्यासक मार्कला आधीचा मानतात. मत्तय आणि लूक यांच्यात समान, पण मार्कमध्ये नसलेली दोनशेहून अधिक वचने आहेत. त्यांच्यासाठी 'क्यू' नावाचा हरवलेला स्रोत कल्पिला जातो. त्याची एकही प्रत मिळालेली नाही, आणि लूकने सरळ मत्तयच वाचला असे मानणारेही आहेत.

योहान या रकान्यांत बसत नाही. मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग तिघे शेवटच्या आठवड्यात सांगतात, योहान दुसऱ्याच अध्यायात. तिघांच्या मते येशूचे शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन वल्हांडण या यहुदी सणाचे. योहानात मात्र वल्हांडणाचे भोजन व्हायच्या आधीच येशू वधस्तंभावर जातो. तिघांमधले छोटे दाखले जाऊन तिथे लांब संवाद येतात.

तरी धागा अगदीच तुटलेला नाही. बेथानीतल्या अभ्यंगाच्या प्रसंगात मार्क आणि योहान जटामांसीच्या तेलाला 'पिस्तिकोस' (बहुधा 'अस्सल') हे ग्रीक विशेषण लावतात. अख्ख्या नव्या करारात ते या दोनच ठिकाणी आहे, आणि तेलाच्या किमतीसाठी दोघेही ३०० दिनारांचाच आकडा देतात, फक्त मार्क 'तीनशेहून अधिक' म्हणतो. योहानाला मार्क ठाऊक होता, की दोघांकडे एकच परंपरा पोचली, यावर वाद चालू आहे. मला पहिली शक्यता अधिक पटते. एवढे विरळ विशेषण आणि तोच आकडा केवळ तोंडी परंपरेतून टिकणे अवघड वाटते.

मराठी प्रतिशब्दासाठी 'समदर्शी' सुचतो, पण गीतेमुळे त्याला सर्वांना समान लेखणारा असा अर्थ चिकटला आहे. 'संक्षिप्त' तर चूकच. मी 'सहदर्शी शुभवर्तमाने' म्हणेन: सोबत ठेवून पाहायची ती.