मुलगा 14 वर्षांचा, उंची 5 फूट 3 इंच. फुटबॉलचे सर म्हणतात गोलकीपिंग सोड. काय करावं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सरांचं ऐकून मुलाला बॅकला, म्हणजे बचावात, खेळवावं का, गोलकीपरचं करिअर घडतं कसं नि टिकतं किती, आणि त्यात पैसा आहे का. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारात वाढलो, शाळा-कॉलेजात गोलमध्येच उभा राहिलो. त्यामुळे पहिल्याच गोष्टीवर जास्त बोलणार, आधीच सांगतो.

सरांचं ऐकू नका.

इटलीचा गोलकीपर डिनो झॉफ, त्याला साधारण याच वयात इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही क्लबांनी बुटका म्हणून घरी पाठवलं होतं. आजीनं त्याला रोज अंडी खायला घालून वाढवला म्हणतात. 1961 मध्ये उदिनेसेकडून पहिला मोठा सामना खेळला, त्यात पाच गोल खाल्ले. पुढे त्याच युव्हेंटसच्या गोलमध्ये 1972 ते 1983 उभा राहिला, आणि 1982 चा विश्वचषक कर्णधार म्हणून उचलला तेव्हा 40 वर्षांचा होता.

आमच्या वेळी उंची मोजायला टेपसुद्धा लावत नसत. निवड चाचणीला सरांनी सगळ्या कीपरांना गोलच्या आडव्या बारखाली उभं केलं आणि म्हणाले, उडी मारून हात लावा. आठ फुटांचा बार. ज्याचा हात लागला तो कीपर, बाकीचे बाजूला. एका लांबड्या पोराचा लागला. तो तोवर फॉरवर्ड खेळायचा, ग्लव्हजसुद्धा दुसऱ्याचे घालून आला होता. मी म्हटलं, सर, दोघांना पाच-पाच पेनल्टी मारून बघा ना. सर म्हणाले, "पेनल्टीचं नंतर बघू, आधी तू वाढ." सगळं ग्राउंड हसलं. मला राइट बॅकला टाकलं.

पुढचा सामना भर पावसाळ्यात होता. ओल्या मैदानावर चेंडू घसरत खालून येतो, तिथे वर पोचणाऱ्या हातांचा काय उपयोग? त्या पोराला बिचाऱ्याला खाली पडताच येत नव्हतं. उभ्याउभ्या वाकायचा आणि चेंडू पायांमधून आत. मी दहा पावलांवरून बघत होतो. कोण किती लवकर जमिनीवर जातो, बाजूनं गोलसमोर उंच चेंडू, म्हणजे क्रॉस, आला की एक पाऊल आधी कोण निघतो, समोर एकटा फॉरवर्ड आला की कोण उभा राहतो नि कोण आधीच आडवा होतो, हे त्या चाचणीत कुणी बघितलंच नव्हतं.

घरी काकांचं वेगळंच. "बडोद्याचा किरण मोरे, बडोद्याचा नयन मोंगिया. हातात ग्लव्हज घालायचेच असतील तर स्टंपांमागे घाल." आणि वर, "फुटबॉलमध्ये ज्याला पळवत नाही त्याला गोलमध्ये उभं करतात." काका, 1992 पासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला बॅकपास कीपरला हातात घेता येत नाही. आता तर चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवला की समोरच्याला कॉर्नर मिळतो. कीपरला पायानंही खेळावंच लागतं. हे मी त्यांना सेव-उसळ खाता खाता कितीदा सांगितलं, पण ते पाव मोडत "हं" म्हणतात आणि मोंगियावर येतात.

करिअरचं म्हणाल तर त्यात वाट बघणंच जास्त. संघात कीपरची जागा एकच, आणि ती पहिला कीपर जखमी झाला किंवा पार ढासळला तरच मिळते. अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ 2010 मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला गेला, वर्षानुवर्षं उसनवारीवर या क्लबातून त्या क्लबात फिरला, तिथे सलग खेळायला मिळालं ते 2020 मध्ये. 2022 मध्ये विश्वविजेता. आपला गुरप्रीत सिंग संधू ईस्ट बंगाल सोडून 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबला गेला, तिथेही बराच काळ बेंचवरच. पण 2019 मध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारतानं 0-0 रोखलं तेव्हा कर्णधार तोच होता. आणि 2011 च्या आशियाई चषकात आपला कीपर सुब्रत पालनं तीन सामन्यांत 13 गोल खाल्ले, तरी लोक त्याला स्पायडरमॅन म्हणायला लागले, कारण त्यानं किती अडवले ते बघणाऱ्यांना दिसत होतं. नुसता स्कोअर बघून कीपरला शिव्या देणाऱ्यांनी ते सामने बघावेत.

टिकण्याची काळजी करू नका, इटलीचा कीपर बफाँ 1995 ते 2023 खेळला. पैसा मात्र पहिल्या संघात जागा मिळेपर्यंत घरचाच जातो. मुरमाड मैदानावर ग्लव्हज एक मोसमही धड टिकत नाहीत, ते तुम्हाला कळलंच असेल.

आता थोडं सरांच्या बाजूनं. वरच्या पातळीवर उंची लागतेच. आपला जुना ऑलिंपिक गोलकीपर पीटर थंगराज काय, गुरप्रीत काय, दोघेही सहा फुटांच्या चांगलेच वर. मेक्सिकोचा बुटका कीपर कांपोस सगळे दाखवतात, पण तो अपवाद. 18 व्या वर्षी मुलगा साडेपाच फुटांवरच अडकला तर पुन्हा विचार करा. शिवाय इंडियन सुपर लीगमध्ये गुजरातचा संघ नाही, म्हणजे कधीतरी बडोदं सोडावं लागेल. पण हे सगळं 18 व्या वर्षी. आत्ता सरांना एवढंच म्हणा की त्याला दोन्ही बाजूंना खालचे चेंडू मारून बघा, आणि क्लबात कीपरांसाठी वेगळा कोच आहे का ते विचारा. नसेल तर क्लब बदला, जागा नको.