मूडल (ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली): ग्रेडबुकच्या (गुणनोंदवहीच्या) प्लगइनमध्ये (जोड-सॉफ्टवेअरमध्ये) प्रश्नचिन्हावर क्लिक केल्यावर मदतीऐवजी ‘टूडू: मिसिंग हेल्प स्ट्रिंग’ का येतं?

प्लगइन लिहिणाऱ्याने प्रश्नचिन्ह लावलं, पण त्यामागचा मजकूर लिहायचा राहिला. त्या संदेशातच चौकटी कंसात हव्या त्या स्ट्रिंगचं (पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराच्या तुकड्याचं) नाव असतं, शेवटी ‘अंडरस्कोर हेल्प’ (_help) जोडलेलं. नेमकं तेच नाव वापरून प्लगइनच्या ‘लँग’ फोल्डरमधल्या इंग्रजी फाइलमध्ये नवी ओळ घाला आणि कॅशे पर्ज करा, म्हणजे मूडलने साठवलेली जुनी प्रत पुसा. मूडलच्या ‘लँग्वेज कस्टमायझेशन’ पानावर ती स्ट्रिंग शोधू नका. तिथे असलेला मजकूर बदलता येतो, नसलेला घालता येत नाही. फाइल बदलायचा अधिकार नसेल तर ॲडमिनला त्या संदेशाचा स्क्रीनशॉट पाठवा.

खरं काम मजकुराचं आहे. सेटिंगचं नावच पुन्हा लिहून भागत नाही. गुणांवर काय परिणाम होतो ते उदाहरणासह लिहा. मूडलचंच ‘एक्सक्लूड एम्प्टी ग्रेड्स’ (रिकामे गुण वगळा) हे सेटिंग घ्या. समान वजनाच्या दोन स्वाध्यायांपैकी एकात १० पैकी ८ मिळालेत, दुसऱ्याचे गुण अजून भरलेले नाहीत. साधी सरासरी काढताना हे सेटिंग चालू असेल तर एकूण ८० टक्के दिसतात, बंद असेल तर ४०, कारण रिकामी जागा शून्य धरली जाते. हे माहीत नसलेला शिक्षक विद्यार्थ्याला काय उत्तर देणार? म्हणून सेटिंग चालू असताना काय होतं आणि बंद असताना काय, ही दोन वाक्यं लिहाच.

मराठी मजकूर ‘लँग’मधल्या ‘एमआर’ (mr, मराठीचा कोड) फोल्डरात वेगळा देता येतो. तो नसेल तर इंग्रजी दिसतो.