गच्ची गळते, वर्गणी कुणाकुणाची?

प्रश्न : इंदूरला प्राधिकरणाच्या लीजच्या जमिनीवर आमची बारा फ्लॅटांची इमारत आहे. आठ फ्लॅट ९०० चौरस फुटांचे, चार ६०० चे. गच्ची गळते. ठेकेदाराने १,८०,००० रुपये सांगितले आहेत. तळमजल्यावरचे म्हणतात, ‘गच्ची आम्ही वापरतच नाही, पैसे का द्यायचे?’ जमीन प्राधिकरणाची आहे, तर दुरुस्ती त्यांनी करायला नको का?

उत्तर : प्राधिकरणाची आशा सोडा. लीज डीडमध्ये, म्हणजे जमिनीच्या पट्ट्याच्या करारात, वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मालमत्ता नीट राखण्याची जबाबदारी १८८२ च्या संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार पट्टेदारावर, म्हणजे तुमच्यावरच येते. तरी डीडमधलं दुरुस्तीचं कलम स्वतः वाचून घ्या. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर आधी बिल्डरला लेखी कळवा. बांधकामातला दोष असेल तर रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्याने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो.

तळमजल्याचं म्हणणं टिकणारं नाही. मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० मध्ये पाया, खांब, जिना यांच्याबरोबर छतही सामाईक आहे, आणि वापर सोडला म्हणून वर्गणी सुटत नाही. पायाला काही झालं तर वरचे मजलेही हिस्सा देणारच, हे शेजाऱ्यांना शांतपणे सांगा.

वाटणी मात्र सरसकट सारखी करू नका. याच कायद्याखाली इमारतीसाठी केलेल्या घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटचा सामाईक भागातला अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो, खर्च त्याच प्रमाणात येतो. हिस्से क्षेत्रफळावर ठरलेले असतील तर एकूण ९,६०० चौरस फूट, दर १८.७५ रुपये, मोठ्या फ्लॅटला १६,८७५ आणि लहानाला ११,२५०. सारखी वाटणी केली असती तर लहान फ्लॅटवाल्याला १५,००० पडले असते. भांडणं इथेच सुरू होतात.

सभेची सूचना लेखी द्या, सोबत तीन ठेकेदारांची अंदाजपत्रकं जोडा, ठरावात प्रत्येक फ्लॅटची रक्कम लिहून सह्या घ्या. पैसे रहवासी संघाच्या खात्यात, कुणाच्या खासगी खात्यात नकोत. कुणी थकवलंच तर लेखी नोटीस द्या. थकबाकीचा बोजा फ्लॅटवर राहतो. पाणी तोडणं वगैरे अजिबात करू नका.

आता कामाकडे. जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालणारं अंदाजपत्रक स्वस्त दिसतं, पण ते घेऊ नका. स्लॅबवर वजन वाढतं आणि मुरलेलं पाणी आत अडकून खाली पाझरतच राहतं. जुना कोबा काढून स्लॅबच्या भेगा भरायच्या. नव्या कोब्याला दहा फुटांना सव्वा इंच तरी उतार हवा. गळती बहुधा मधून नसतेच. ती कठड्याच्या सांध्यातून आणि पावसाच्या पाइपच्या तोंडाशी होते. म्हणून कठड्याच्या कडेने गोलाई आणि पाइपच्या तोंडाशी खोलगट भाग करायचा, हे अंदाजपत्रकात लिहून घ्या. किमान सात दिवस पाणी मारा. मग पाइप बंद करून इंचभर पाणी ४८ तास साठवा आणि सर्वात वरच्या मजल्यावरच्या घरांच्या छतांना आतून हात लावून बघा. बिलाचा दहावा भाग पहिल्या मोठ्या पावसानंतरच द्या. मेअखेर काम संपलं पाहिजे.

प्रश्न : वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्याकडे ओल येते. तो खर्चही सगळ्यांचा का?

उत्तर : आधी उगम शोधा. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या तोंडाला, बूच लावून रंगीत पाणी दोन इंच, चोवीस तास साठवा. खाली रंग उतरला तर दोष फरशीचा किंवा ट्रॅपच्या सांध्याचा, म्हणजे खर्च वरच्या मालकाचा. रंग न येता थेंब सतत पडत असतील तर वरचा वॉल्व्ह बंद ठेवा. दोन दिवसांत ओघ कमी झाला तर भिंतीतली पाण्याची लाइन फुटली आहे, तीही त्यांचीच. डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला) सामाईक पाइप गळत असेल तरच खर्च सगळ्यांचा. दुरुस्तीनंतरही काही आठवडे ओल दिसते, कारण फरशीखालच्या भरावात पाणी साठलेलं असतं. लगेच पुन्हा फोडाफोड करू नका.