धानाच्या बांधीत वेगळाच तुडतुडा दिसला. ही नवी प्रजाती आहे हे कसं ठरवतात? तिला माझं नाव देता येईल का?

नुसत्या फोटोवरून ठरणं जवळपास अशक्य. आधी भिंगातून मिशा बघा. धानावरच्या तपकिरी तुडतुड्याच्या मिशा डोळ्यांच्या खाली असतात आणि मागच्या तंगडीला एक जाड, हलणारा काटा असतो. कपाशीवरचा हिरवा तुडतुडा वेगळ्या गटातला, त्याला हा काटा नसतो. शिवाय तपकिरी तुडतुड्यात लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकार एकाच प्रजातीत निघतात, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडे 'नवा' वाटलेला किडा बरेचदा जुनाच असतो.

खरा निकाल लागतो नरावर. त्याच्या पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीच्या 10 टक्के द्रावणात मऊ करतात, मग ग्लिसरिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांचा आकार पाहतात. रंगावर भरवसा नको. मग त्या वंशातल्या आधी वर्णन झालेल्या प्रजातींशी ताडून पाहायचं. सगळ्यात वेळखाऊ काम हेच. वेगळेपण टिकलं तर एक नमुना होलोटाइप म्हणून, म्हणजे त्या नावाचा कायमचा मूळ नमुना म्हणून, निवडतात, 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार तो नेमून दिलेल्या संग्रहात जमा करतात आणि चित्रांसह वर्णन छापतात.

वर्णन करणाऱ्यानं स्वतःचंच नाव देण्यावर प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत बंदी नाही, पण ते शोभत नाही. तुम्ही नमुना दिलात आणि वर्णन दुसऱ्यानं केलं, तर तो तुमचं नाव खुशाल देईल.

तोवर रात्री बल्बमागे पांढरी चादर बांधा, नर-मादी दोन्ही अल्कोहोलमध्ये ठेवा. गाव, तारीख, कुठल्या झाडावर सापडला याची चिठ्ठी बाटलीतच टाका, पण पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.