हिशेबातून अनुभव गाळू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वेळी चिडलो. जाणिवेच्या बाबतीत मेंदू म्हणजेच सगळं, की मेंदूपलीकडेही काही आहे, यातला एक पक्ष आजच्या आज धरलाच पाहिजे, हे तुला कुणी सांगितलं?

मी आयुष्यभर भूल देत आलो. प्रोपोफॉलचं दुधासारखं पांढरं औषध शिरेत सरकतं. माणूस आकडे मोजत असतो. सहा-सातला जीभ जड होते आणि आठ येतच नाही. औषधाचे रेणू मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या, ‘गाबा’ नावाच्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतात आणि एक अख्खं जग मावळतं. हे रोज पाहिलेल्या माणसाला जाणिवेचा जडाशी संबंध नाही असं कसं म्हणवेल? माझ्याच्याने तरी नाही.

पण संबंध सापडला म्हणजे उलगडा झाला, असं होत नाही गं. मेंदूत सुमारे 86 अब्ज न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, त्यातले जवळजवळ 80 टक्के लहान मेंदूत. तो बिघडला की चाल अडखळते, बोलणं तुटतं, पण जाणीव शाबूत राहते. म्हणजे नुसत्या संख्येने भागत नाही. जाणिवेची नेमकी जागा उद्या सापडली, तरी तिथल्या विद्युत-संकेतांचं दुखणं का व्हावं, हे विचारायचं राहतंच. ते दुखणं हिशेबातून गाळू नकोस. गाळलंस की गणित सुटतं, फक्त ते दुसरंच गणित असतं.

देहापलीकडे आत्मा न मानणारे चार्वाक म्हणत, किण्वातून, म्हणजे आंबवणातून, मादकता उपजते तसं पृथ्वी-पाण्यासारख्या जड भूतांतून चैतन्य. उपमा झकास आहे. पण नशा चढते ती कुणाला तरी! हे मला विशीत सुचलं होतं. परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलं. तू सोडू नकोस.

1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली, की जाणिवेची मेंदूतली खूण 25 वर्षांत स्पष्ट सापडेल. 2023 मध्ये कॉख यांनी हार मान्य करून वाइनच्या बाटल्या देऊन टाकल्या. यावर ‘बघा, विज्ञान हरलं’ म्हणून नाचणाऱ्यांत तू नसशील, हे धरून चालतो. ‘आत्मा’ म्हटल्याने कोड्याला नाव मिळतं, उत्तर नाही. पण ‘अनुभव हा निव्वळ भास’ म्हणणाऱ्यांच्या रांगेतही उभी राहू नकोस. भास झाला तरी तो होतोच ना कुणाला? पुन्हा सांगतो, अनुभव गाळू नकोस.

एवढा हट्ट का, तेही सांगतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी एक बाई मला म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही सुट्टीबद्दल बोलत होतात. मी ऐकत होते. हात हलवायचा होता, हलेना.” स्नायू सैल करणारं औषध दिलेलं, हात हलणार कसा? मी कागद पाहिले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. म्हटलं, “स्वप्न पडलं असेल.” त्या गप्प झाल्या.

तेव्हा आमच्याकडे साधनं तेवढीच होती. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तोही आकड्यांवरच विसंबला असता, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय.

पण सुट्टीचं बोलणं झालं होतं. आणि ते मला तेव्हाही आठवत होतं.