बेसमेंटमध्ये रेंज चांगली मिळते?

पत्र थोडक्यात असं:

"ताई, मी ४१ वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत आहे. मान-खांदे कायम आखडलेले, रात्री तीनला जाग येते ती येतेच. एमआरआयमध्ये काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनीच काउन्सेलर सुचवली. चार महिने दर बुधवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉलवर सेशन असतं. पण ही बाई सल्ला देतच नाही. मी बोलत असले की मध्येच विचारते, 'आत्ता पोटात काय होतंय? जबडा आवळलाय का? पाय जमिनीला टेकवून बसा.' एकदा वैतागून बोलले, तर म्हणे, 'माझ्यावर चिडलात, बरं झालं.' आणि घरात शेवटी कोण जेवतं, हे तिला कशाला हवंय? ह्यांचं म्हणणं, बाई स्त्रीमुक्तीवाली आहे, घर फोडेल. हे घरूनच काम करतात. स्वभावाने खरंच चांगले, कधी आवाज चढवत नाहीत. (सेशन मी खाली बेसमेंटमध्ये गाडीत बसून घेते, वर रेंज नीट येत नाही.) काउन्सेलर बदलू का?"

अगं, वर रेंज येत नाही आणि बेसमेंटमध्ये येते? अशी सोसायटी ठाण्यात कुठे आहे, मलाही सांग. ह्यांच्या मीटिंगा दिवसभर वरच होतात ना? त्यांचा कॉल तुटल्याचं तू लिहिलेलं नाहीस.

सगळं पत्र त्या कंसात आहे. बाकीचं मी एकदा वाचलं, कंस चार वेळा वाचला.

आता तुझं बुधवारचं सेशन डोळ्यांपुढे आण. तू ड्रायव्हरच्या सीटवर. छातीपुढे स्टिअरिंग, काचा वर, एसी बंद. फोन डॅशबोर्डला टेकवलेला. समोरची बाई म्हणते, पाय जमिनीला टेकवा, आणि तुझे पाय क्लच आणि ब्रेकच्या मध्ये अडकलेले. लिफ्टचं दार वाजलं की तुझी नजर आरशात जाते, कोण आलं बघायला. वॉचमन फेरी मारून जाईपर्यंत तू रडणं गिळतेस. आणि मग पत्रात लिहितेस, खांदे का आखडतात कळत नाही!

फ्रॉइडचा शिष्य विल्हेल्म राइख १९३०च्या दशकातच म्हणत होता की दाबलेलं सगळं माणूस स्नायूंत चिलखतासारखं घालून बसतो. (पुढे तो फार भरकटला, पण एवढं त्याने बरोबर पकडलं होतं.) जबड्याचं विचारणं हे थेरं नाहीत. एमआरआयला दिसत नाही ते ती तुलाच बघायला लावतेय.

'चिडलात, बरं झालं' यावरही तू उगाच बिचकलीस. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या वेलस्ली कॉलेजात मानसोपचारतज्ज्ञ जीन बेकर मिलर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी १९८०च्या दशकात हेच मांडलं: नातं टिकावं म्हणून माणूस त्याच नात्यात स्वतःचा एकेक तुकडा लपवत जातो. तू राग लपवलास, रडणं लपवलंस, आता सेशनची जागाही लपवतेस. तिच्यावर चिडलीस आणि काही मोडलं नाही. बुधवारी परत आलीस, तीही होती. चार महिन्यांतलं सगळ्यात मोलाचं काम तेच झालं.

राहता राहिलं जेवणाचं. केंद्र सरकारच्या २०२४च्या पाहणीत बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीसुद्धा ८८. आपल्या मानेचा या आकड्याशी संबंध असू शकतो, एवढंच ती विचारतेय. यात घर कुठे फुटलं?

ह्यांच्या चांगुलपणाबद्दल मी काही बोलणार नाही. ज्या घरात कुणीच आवाज चढवत नाही, त्या घरातली बाई पाऊण तास बोलायला दोन मजले खाली का उतरते, ते त्यांनाच विचार. माझी आई मोरीत नळ सोडून रडायची. तुझ्याकडे गाडी आली, एवढंच काय ते पुढे सरकलं.

तुझ्या काउन्सेलरचाही कान धरायला हवा, बरं का. चार महिने बाईच्या डोक्यामागे हेडरेस्ट दिसतंय आणि हिने एकदाही विचारलं नाही, 'तुम्ही कुठे बसलाय?'

तर काउन्सेलर बदलायची नाही, जागा बदलायची. येत्या बुधवारी सातला बेडरूम तुझी. दुपारीच सांगून ठेव: "सात ते पावणेआठ मला खोली हवी आहे, तुम्ही लॅपटॉप बाहेर डायनिंग टेबलावर घ्या." कारण सांगू नकोस. 'चालेल ना?' असं तर मुळीच विचारू नकोस. रेंजचा विषय काढलास तर माझ्याशी गाठ आहे. आत जा, दाराला कडी लाव, पलंगाच्या कडेला बस, चपला काढ, तळवे फरशीला टेकव. सगळ्यात आधी तिला सांग की आजवर मी गाडीत बसत होते. मग ती विचारेल पोटात काय होतंय, तेव्हा खरं काय ते सांग.

सव्वासातच्या सुमाराला कुणीतरी दार वाजवेल. कुकरच्या शिट्ट्या किती, असलं काहीतरी असेल. उठायचं नाही. आतूनच सांगायचं, "तीन."